नियम नऊ, प्लॉट चौदा

यादी माझ्याकडे असते.
त्रेसष्ट नावं, एक हिरवी फाइल,
आणि खिडकीतून दिसणारा ब्लेन्गोचचा डोंगर,
पोटातला कोळसा संपल्यापासून
जरा आत बसलेला.

उतारावर भाजीचे वाफे. सव्वीस तुकडे,
प्रत्येकी दहा काठ्यांचे.
काठी म्हणजे किती, मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.
ट्यूडर बेवन चहात बिस्किट बुडवत म्हणाला,
"रविवारी चर्चमधून निघालेले सोळा जण थांबवायचे,
उंच असोत, बुटके असोत,
डावी पावलं एकापुढे एक ठेवायला सांगायची.
झाली काठी."
बिस्किट तुटून कपात पडलं.
तेव्हापासून जमिनीच्या कायद्याची कुठलीही ओळ वाचली
की मला पावलं दिसतात, चिखलाची.

सातव्या नंबरवर होदान वार्समे. चार वर्षं.
तिसऱ्या मजल्यावर राहते, बाथटबमध्ये कोथिंबीर लावते.
दर महिन्याला फोन: "अजून सातच?"
"सातच."
एकोणिसावे ग्लिन रोडरिक ऑगस्टमध्ये वारले.
त्यांचं नाव खोडायचं राहिलंय.
म्हणजे, राहिलेलं नाही.
मी खोडत नाही.

मंगळवारी एकाच ट्रेमध्ये दोन कागद आले.
एक वरून: धोरण, गुळगुळीत, मुखपृष्ठावर हसरं पान.
झाडं लावा, दशक संपायच्या आत, इतकी हजार,
मोकळी जागा सुचवा, शुक्रवारपर्यंत.
एक खालून: तक्रार, निनावी.
प्लॉट चौदा, आयवोर प्रॉसर,
नियम नऊचा भंग, दोन मीटरहून उंच झाड.
आलुबुखार. चौदा दिवसांत तोडावं.
दोन्हींवर आवक क्रमांक मीच टाकले.
लागोपाठचे.

मागच्या वर्षीची लागवड डोंगराच्या वरच्या अंगाला आहे.
मंत्रीबाई आल्या होत्या. नवे बूट, पाव फावडं माती, फोटो.
प्लॅस्टिकच्या नळ्या रांगेनं उभ्या आहेत,
रस्त्यावरून पाहिलं तर वाटावं
कुठल्याशा पलटणीला तिथं पुरलंय.
वाकून आत बघितलं तर काहींत ओक, बोटभर.
बऱ्याचशांत गोगलगाई.
अहवालात सगळी जगली आहेत.
अहवाल मीच टाइप केला.

बुधवारी चौदावर गेले, टेप घेऊन.
आयवोर एक्क्याऐंशीचा, गुडघ्यांखाली पोतं,
लीकच्या बुंध्यांना माती चढवत
त्यांच्याशी वेल्शमध्ये काहीतरी भांडत होता.
झाडाचं मीच काढलं.
"लावलं नाही मी," तो म्हणाला.
"मेगननं फळ खाल्लं आणि कोय फुर्रकन थुंकली, तिथं.
सत्त्याहत्तरची गोष्ट. नियम नऊ कधीचा?"
"ब्याण्णवचा."
"मग त्यानं वाचला नसेल."

पलीकडच्या कांद्यांवर सावली पडत होती,
हेही खरं.
कांदे बारीक होते. कुणाचा तरी वर्षभराचा घाम होता तो.
मी बराच वेळ त्या कांद्यांकडे बघत उभी राहिले.

ऑफिसचा टेप दोनच मीटरचा.
मुळाशी धरला, वर ताणला,
जिथं तो संपला
तिथून झाड पुढे निवांत वाढलं होतं.
मी फॉर्ममध्ये लिहिलं: टेपच्या मापात.
सावलीकडच्या दोन फांद्या आयवोरनं स्वतः उतरवल्या,
कुरकुरत, करवतीला शिव्या देत.
मग म्हणाला, "मेरेरिद, हा अर्धा तुकडा आता माझ्या गुडघ्यांना ऐकत नाही."

नियम बारा पोटभाडेकरू ठेवू देत नाही.
मदतीला आलेल्या माणसाबद्दल तो गप्प आहे.
मी दोनदा वाचला, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत.

शुक्रवारी धोरणाचा फॉर्म भरून पाठवला.
मोकळी जागा: नाही.
शेरा: एक झाड आधीपासून आहे.

संध्याकाळी फोन वाजला.
"अजून सातच?"
"सातच," मी म्हटलं. "पण शनिवारी ये.
मुलांनाही आण, शेजारच्यांनाही,
जुने बूट घालून.
पावलं लागणार आहेत."